गाडीचा कोंडलेला श्वास



आमची पेट्रोलची गाडी 2008 सालची. 2023 मध्ये तिला पंधरा वर्षे झाली. तेव्हा तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली. चालते तोवर चालवायची, असे आम्ही घरात ठरवले. एका उन्हाळ्यात जालन्याहून राजूरच्या गणपतीला निघालो आणि मंदिराच्या चढावर तिने मान टाकली. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी पिकअप नाही. आवाज दबलेला, जणू कोणी तिचे नाक दाबून धरले आहे. घरी येईपर्यंत पायाखालची फरशी चटके देत होती.

मेकॅनिकने फिल्टर बदलले, फरक पडला नाही. मग तो म्हणाला, ‘काका, कॅट चोक झालाय. आतली जाळी फोडून नळी मोकळी करतो. दुपारी गाडी घेऊन जा.’ खर्च अगदी थोडा. मी ‘हो’ म्हणणारच होतो.

‘कॅट’ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये बसवलेला हा धातूचा डबा. त्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी, बारीक छिद्रांची चिनी मातीसारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. जाळी सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापली की काम सुरू होते. विषारी कार्बन मोनॉक्साईड आणि न जळलेले पेट्रोल यांचे कार्बन डायऑक्साईड व पाणी होते, नायट्रोजनच्या ऑक्साईडचा साधा नायट्रोजन होतो.

ही कल्पना पुढे आणली यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने, 1950 च्या सुमारास अमेरिकेत. पण त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि शिशाने हा थर निकामी होतो. म्हणून अमेरिकेतल्या गाड्यांत तो सर्रास आला तो 1975 पासून, शिसेविरहित पेट्रोलबरोबर. आपल्याकडे 1995 मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. 2000 मध्ये शिसेविरहित पेट्रोल देशभर आले.

मग जाळी तुंबते कशाने? आपल्या आपण ती सहसा तुंबत नाही. स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब असली की गाडी मिसिंग करते. न जळलेले पेट्रोल या डब्यात येऊन पेटते, उष्णता हजार अंशांच्या वर जाते आणि जाळी वितळून तिचा गोळा होतो. इंजिन ऑईल पीत असेल तर त्याची राख छिद्रांत बसते. गास्केट गळून रेडिएटरचे पाणी आत आले तरी तेच. गाडी सुरू होत नाही म्हणून चारचौघांनी लांबवर धक्का मारत नेली, तरी कच्चे पेट्रोल या जाळीवरच जाते.

दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींनी खात्री कशी करायची ते दाखवले. त्यांनी कन्व्हर्टरच्या अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे दाबाचे मीटर लावले. हा दाब चाकातल्या हवेसारखा पौंडात मोजतात. गाडी नुसती चालू असताना तो साधारण एक पौंड असावा. मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांना तीन पौंडांपुढे गेला, तर वाट अडली समजायचे. आमच्या गाडीचा काटा त्याच्याही पुढे गेला. मग त्यांनी मूळ दुखणे शोधले. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल मरू घातली होती. चेक इंजिनचा दिवा कित्येक महिने लुकलुकत होता, मीच लक्ष दिले नव्हते.

आधी कॉइल आणि प्लग बदलले, नंतर नवा कन्व्हर्टर बसवला. क्रम उलटा केला असता, तर नवा कन्व्हर्टरही जळाला असता. बाटलीतली औषधे किंवा हमरस्त्यावरचा लांब फेरा, यांनी फार तर काजळी जाते. वितळलेली जाळी पुन्हा उघडत नाही.

आणि जाळी फोडली असती तर? गाडी पळाली असती, पण धूर न गाळता बाहेर पडला असता. आमच्या गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा अर्धा टक्का आहे. ती ओलांडली तर प्रमाणपत्र मिळत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीपासून प्रदूषणासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मला आठवतो आमचा ओटा. सकाळी गाडी गरम होत असते, तेव्हा माझी आई तिथेच, सायलेन्सरपासून पाच हातांवर बसलेली असते. तिला दम्याचा त्रास आहे. तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही.

आणखी एक सावधगिरी. गाडी मिसिंग करत असेल, पायाखाली चटके बसत असतील, तर ती वाळल्या गवतावर किंवा खळ्यात कडब्याशेजारी उभी करू नका. तापलेला डबा वैरण पेटवू शकतो.

‘जालना, सोने का पालना’ अशी आपल्याकडे म्हण आहे. गाडीखालच्या त्या डब्यातही थोडे प्लॅटिनम असते, हे भंगारवाल्याला पक्के ठाऊक असते. म्हणून जुना कन्व्हर्टर फुकट सोडून देऊ नका, त्याची किंमत नव्याच्या बिलातून वजा करून घ्या. आणि दिवा लुकलुकला, की त्याच आठवड्यात मिस्त्रींकडे जा. कॉइलचा खर्च कन्व्हर्टरच्या मानाने फार थोडा असतो.