एकटं असणं वेगळं, एकाकी वाटणं वेगळं

एकाकीपणा म्हटलं की आपल्याला गावाकडचे आजी-आजोबा आठवतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या जून २०२५ च्या अहवालात मी वाचलं, १३ ते २९ वयोगटातले १७ ते २१ टक्के लोक एकाकी आहेत. म्हणजे आपणच की!

एकटं असणं हा आजार नाही हं. रविवारी खोलीत एकटाच लोळत पडलो तर मी मजेत असतो. पण हवीशी माणसं जवळ नाहीत, ही टोचणी रोजची झाली की शरीरही थकतं. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, सगळ्यांचा धोका वाढतो. वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी याचा संबंध जोडलाय. ब्रिटनने २०१८ मध्ये, जपानने २०२१ मध्ये यासाठी चक्क मंत्री नेमले.

आणि आपल्याकडे? पुण्यातल्या कुठल्याही मेसमध्ये बघा. प्रत्येकाचा मोबाईल पाण्याच्या ग्लासला टेकवलेला. "भाजी वाढू का?" एवढंच काय ते बोलणं.

फोनला शिव्या घालून मोकळं होणं मला पटत नाही. आईचा व्हिडिओ कॉलही त्यावरच येतो ना! काम नसताना शेवटचा फोन कुणाला केला होतात? नाव आठवलं असेल, तर मला इथेच पॉज करा आणि लावा.