गोळी एकदम सोडू नका

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच जणींनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)

सगळ्या ताया, काकू, मावशा नीट बसल्यात ना? मागे आवाज येतोय का?

आज बचत, परतफेड, ऑडिट यातलं काही बोलणार नाही. अध्यक्षताईंकडून पंधरा मिनिटं मागून घेतलीत. माझ्या हातून झालेली एक चूक तुम्हाला सांगायची आहे. ज्या ताईंच्या बाबतीत ती झाली त्यांना विचारूनच सांगते. नाव-गाव सांगणार नाही, आणि तुम्हीही ओळखायला जाऊ नका.

या ताईंना उदासीचा आजार होता. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात. बैठकीला यायच्या बंद झाल्या होत्या, सकाळी उठून चूल पेटवायचीही इच्छा राहिली नव्हती. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत बाई परत उभी राहिली. शेळ्यांसाठी कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर भरले. एक दिवस मला रस्त्यात भेटल्या. "म्याडम, आता बरी हाय मी. परवापासून गोळ्या बंदच करून टाकल्या." मी काय केलं? शाबासकी दिली. "वा ताई, छान झालं" म्हणाले. समाजकार्याची पदवी घेतलेली मी, पण डॉक्टरांना विचारलं का, एवढा एक प्रश्न मला सुचला नाही.

दोन दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. आईला चक्कर येतेय, मळमळतंय, घाम फुटतोय. रात्री भलती स्वप्नं पडून ओरडत उठते. मान वळवली की डोक्यात करंट मारल्यासारखं होतंय म्हणते. बारीकसारीक गोष्टीवर रडते, नाहीतर अंगावर धावून येते. घरात तीन मतं झाली होती. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं आहे, देवऋषीकडे चला. मालक म्हणाले गोळ्यांची चटक लागली, दारूसारखी. आणि ताई स्वतः म्हणत होत्या, माझा आजार परत आला, आता यातून सुटका नाही. मला सगळ्यात जास्त भीती या तिसऱ्या मताची वाटली. कारण असं वाटलेली बाई काय करेल ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने जिल्ह्याला गेलो. डॉक्टरांनी पहिल्याच दोन मिनिटांत विचारलं, "गोळी कधी बंद केली?" तारीख ऐकली आणि म्हणाले, हे गोळी अचानक सोडल्यामुळे होतंय.

ते मला जसं समजलं तसं सांगते. डोक्यावर रोज दोन हंडे घेऊन चालणारी बाई असते ना, तिची मान, पाठ, पावलं त्या वजनाच्या हिशेबाने चालतात. हंडे कोणी झटकन काढून घेतले तर थोडा वेळ तोल जातो. गोळीचंही तसंच. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं, यातल्या बऱ्याच गोळ्या त्यावर काम करतात. महिनोन्‌महिने गोळी घेतली की मेंदू तिच्या हिशेबाने जुळवून घेतो. ती एका दिवसात काढली की त्याला परत जुळवायला वेळ लागतो. तो करंट, ती चक्कर, ती रड त्या वेळातली असते. अंगात आलेलं नसतं. व्यसनही नसतं, कारण व्यसनात माणूस त्या वस्तूसाठी तळमळतो आणि प्रमाण वाढवत जातो. इथे ताईंना तर गोळी नकोच होती.

मग आजार परत आला की गोळी सुटल्याचा त्रास, हे ओळखायचं कसं? शंभर टक्के डॉक्टरच सांगतील, पण एक अंदाज लक्षात ठेवा. गोळी सुटल्याचा त्रास बहुतेक वेळा थोड्याच दिवसांत सुरू होतो, आणि त्यात चक्कर, मळमळ, करंट असं आधी कधी न झालेलं काहीतरी असतं. आजार परत येतो तो बहुधा हळूहळू, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि आपल्या जुन्या ओळखीच्या रूपात. पुष्कळ जणींचा गोळी सुटल्याचा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. काहींचा मात्र महिनोन्‌महिने चालतो, त्यांना नाटक करते म्हणू नका. काहींना तर काहीच होत नाही. गोळी कोणती, किती दिवस घेतली, यावरही आहे. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्या सोडताना त्रास जास्त दिसतो. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश जाते, म्हणून तिचा कमी. नावं पाठ करू नका, पाकीट जपून ठेवा म्हणजे झालं.

ताईंना डॉक्टरांनी तीच गोळी परत सुरू करून दिली. काही दिवसांतच डोकं शांत झालं. मग ठरलं की सोडायची आहे ना, तर सोडू, पण विहिरीत उतरतो तशी पायरीपायरीने. आधी थोडी कमी, मग काही आठवडे थांबून बघायचं, त्रास नसेल तर आणखी कमी. त्रास झाला तर मागच्या पायरीवर थांबायचं, त्यात कमीपणा नाही. एक गोष्ट मला नवीन होती. शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान ठेवायच्या असतात. वीसवरून दहावर येणं जमतं, पण दहावरून एकदम बंद करताना तोल जातो. आणि एक दिवस गोळी, एक दिवस खाडा, असं आपल्या मनाने करू नका. कॅप्सूल उघडून अर्धी करणं किंवा गोळी मोडणं हेही विचारूनच, सगळ्या गोळ्या मोडण्याजोग्या नसतात.

आपल्याकडे गोळी सुटते ती बरं वाटलं म्हणूनच असं नाही. ऊसतोडीला गेलो आणि पाकीट संपलं. नवरात्राचे उपवास होते. सून गरोदर राहिली आणि घरच्यांनी बंद करायला लावली. लग्नघरात कोणी पाहील म्हणून डबा घरीच ठेवला. यातलं काहीही असो, आधी दवाखान्यात बोला. तोडीला जाण्यापूर्वी जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या. गरोदरपणातही अचानक बंद करायची नाही, डॉक्टर बाळ आणि आई दोघांचा विचार करून सांगतात. आणि बरं वाटलं म्हणजे लगेच बंद असंही नसतं. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायला डॉक्टर सांगतात.

अजून एक, हे जरा जपून ऐका. याच चिठ्ठीवर कधीकधी झोपेची किंवा घबराटीची दुसरी गोळी असते, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम. ती बरेच दिवस घेतली असेल आणि एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. तिची सवयही लागते. म्हणून कुठली गोळी कशाची, हे दवाखान्यातच विचारून पाकिटावर लिहून आणा. विचारायला लाजू नका, मीही आता विचारते.

त्रासाच्या दिवसांत घरी काय करायचं? अंथरुणातून झटकन उठू नका. चक्कर असेल तर विहिरीवर, कडबाकुट्टीपाशी, गाडीवर जाऊ नका. उपाशी राहू नका, पाणी पीत राहा, संध्याकाळनंतर चहा टाळा. कॅलेंडरवर तारखेपुढे लिहा, आज चक्कर, आज झोप बरी. हे लिहिलेलं डॉक्टरांना फार कामाला येतं. आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा की आपली गोळी कमी होतेय, म्हणजे चिडचिड झाली तर भांडण वाढणार नाही.

जीव नकोसा वाटतो असं कोणी बोलली तर तिला एकटी सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध दुसऱ्याच्या घरी हलवा आणि लगेच दवाखाना गाठा. टेली-मानस नावाची सरकारी फोनसेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात. सीआरपी ताईंनी हा नंबर बैठकीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा आहे, आजच.

गटाचं काम तसं थोडंच आहे. ताईंच्या गटाने जिल्ह्याला जायला अंतर्गत कर्जातून तीनशे रुपये दिले, एसटीचं तिकीट आता बायांना अर्धंच आहे. एक मावशी सोबत गेल्या. गटात एकीने विचारलं, "अजून गोळ्या खातेस का गं?" तेव्हा दुसरीने उत्तर दिलं, "मी बीपीची खाते, तुला कधी खुपली?" मला ते फार आवडलं. मी इतकं चांगलं बोलू शकले नसते.

ताई आता तिसऱ्या पायरीवर आहेत. मागच्या पायरीला चार दिवस करंट आला, पण या वेळी त्या घाबरल्या नाहीत. कशामुळे होतंय ते त्यांना माहीत होतं.

सभा संपल्यावर मी इथेच अर्धा तास बसणार आहे. कोणाला एकटीने बोलायचं असेल तर या, येताना गोळीचं पाकीट असेल तर तेही आणा. हे कोणत्याही रजिस्टरवर लिहिणार नाही. आणि मला येत नसेल तिथे उत्तर देणार नाही, तुमच्यासोबत जिल्ह्याला येईन.