मतभेद आणि प्रीति
(ज्युबिली समारंभांतील भाषण)



विवाह स्त्रीपुरुषांचाच, ही शिकवण कायम ठेवून रोमनें १८ डिसेंबर २०२३ रोजीं समलिंगी जोडप्यांस उपासनाविधीवांचून साधा आशीर्वाद देण्याची मोकळीक धर्मगुरूंना दिली. त्यावरून ख्रिस्तसभेंत मोठा वाद माजला. आपल्या प्रांतीं असा आशीर्वाद उचित नव्हे, असें आफ्रिकेंतील बिशपमंडळांच्या वतीनें ११ जानेवारी २०२४ रोजीं कळविण्यांत आलें. परंतु त्याच पत्रांत पोप फ्रान्सिस यांच्याशीं असलेलें ऐक्यहि पुन्हां जाहीर केलें होतें.

हा धडा आपणहि गिरवूं या. मत स्पष्ट मांडावें, निंदा मात्र करूं नये. ज्याच्याविषयीं आपण तावातावानें बोलतों, तो कदाचित् आपल्याच बाकावर मुकाट बसलेला असेल. वादानंतरहि आपणां सर्वांस एकाच वेदीपुढें गुडघे टेकावयाचे आहेत. प्रभु आपणांस सुबुद्धि देवो.