ट्यूबवरची मासेमारी

लोहाऱ्याच्या मंडळींनो, आपल्या जिल्ह्यात बेंबळा, अरुणावती अशी धरणे आहेत. धरणावर ढिवर-भोई भाऊ पहाटे ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे काढतात. रोहू, कटला सापडतो. त्यावर घर चालते. डोंगा महाग, ट्यूब स्वस्त. म्हणून ट्यूब सोडा, असे आम्ही म्हणत नाही. पण जीव कसा जपायचा, ते पाहू.

थंडीत पाण्यावर वाफ दिसते. पाणी गरम वाटते. पण ते हवेपेक्षा गरम, अंगापेक्षा नव्हे. आपल्या अंगाची ऊब ३७ अंश असते. पाय पाण्यात राहिले, की ती भराभर जाते. आधी बोटे बधिर होतात. गाठ सुटत नाही. ऊब ३५ अंशांखाली गेली, की जीभ अडखळते, डोके चालत नाही. मग पट्टीचा पोहणाराही बुडतो.

तेव्हा काय करू? आदल्या दिवशी ट्यूब पाण्यात दाबून पाहू. बुडबुडे आले तर पंक्चर काढू. एकटे जाऊ नये, दोघे जाऊ. बोटे बधिरली, की काठाला येऊ. आधी ओले कपडे बदलू, मग गरम चहा घेऊ. दारूने ऊब येत नाही, उलट जाते.

आणि फार गारठा असला, तर ऊन पडू द्या. मग पाण्यात उतरा.