ॲप म्हणतं बेसूर, तानपुरा म्हणतो सुरात

पिंपळे गुरवमधून बोलतोय. मागच्या महिन्यात मी गाणं सोडणारच होतो. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप रोज सांगायचं, तुझा शुद्ध गंधार 14 सेंट उतरलाय. सेंट म्हणजे सप्तकाचा 1200वा भाग. शेवटी ॲप बंद केलं, नुसत्या तानपुऱ्यावर गायलो. गंधार चपखल बसला!

गोम अशी आहे. कीबोर्डवर सप्तकाचे 12 समान भाग असतात. त्यात सा पासून गंधार 400 सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार असतो 386 वर. ॲप मोजत होतं कीबोर्डचा, मी लावत होतो तानपुऱ्याचा.

हा वाद जुनाच. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 मध्ये 22 श्रुतींवर पुस्तक लिहिलं. 1940 मध्ये तर रेडिओनं हार्मोनियमवर बंदीच घातली.

मग 22 समान भाग करायचे का? नाही जमत. पंचम 702 ऐवजी 709 वर जातो. 53 भाग केले तर गंधार, पंचम दोन्ही जवळपास जुळतात. पण एका सप्तकात 53 पट्ट्या वाजवणार कोण?

म्हणून सांगतो, ॲप जरूर वापरा. पण गाणं सोडायच्या आधी एकदा तानपुऱ्याला विचारा.