मुलांचे उपजत बौद्धिक दौर्बल्य : कारण आणि निदान

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी मी जो विषय निवडला आहे, तो आपण एरवी माजघरात झाकून ठेवतो. मी वैद्य नव्हे; मॅट्रिक झालेला आणि आयुष्यभर मुले शिकवून निवृत्त झालेला सामान्य शिक्षक आहे. तथापि एका अपराधाची जाणीव मला बोलावयास लावीत आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. दोन वर्षे शिकवूनही त्यास बाराखडी येईना. मी त्यास आळशी म्हटले, दगड म्हटले, छडीही मारली. त्याची आई एकदा शाळेच्या दाराशी येऊन म्हणाली, "गुरुजी, मारू नका हो, त्याला कळतच नाही." मी तिलाच दोष दिला की, तुम्ही लाडावून ठेवले आहे. पुढे मुलाचे नाव शाळेतून कमी झाले. त्यास कळत का नाही, हा प्रश्न मी कधी विचारला नाही.

निवृत्तीनंतर नॉर्वे देशातील एक हकिकत वाचनात आली. तेथील एका मातेची दोन्ही मुले जन्मतः निरोगी दिसत असूनही त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटली. मुलांच्या लघवीस चमत्कारिक वास येतो, हे तिच्या ध्यानात आले होते. ती अनेक डॉक्टरांकडे गेली, परंतु उत्तर मिळाले नाही. अखेर १९३४ साली ऑस्लो येथील डॉ. अस्ब्यर्न फॉलिंग यांनी तिचे म्हणणे मनावर घेतले. लघवीत फेरिक क्लोराइड घालताच ती गर्द हिरवी झाली. पुढे मतिमंदांच्या संस्थांतील सुमारे ४३० जणांची त्यांनी तशीच तपासणी केली, तो आणखी आठ जण आढळले. फिनाइलकीटोन्युरिया हा विकार असा उजेडात आला.

दूध, डाळी, मांस यांतील प्रथिनांत फिनाइलॅलॅनिन नावाचा घटक असतो. त्याचे रूपांतर करणारे यकृतातील एन्झाइम या मुलांत काम करीत नाही. मग तो घटक रक्तात साचून वाढत्या मेंदूस अपाय करतो. १९५३ साली बर्मिंगहॅम येथे डॉ. हॉर्स्ट बिकेल आणि त्यांचे सहकारी यांनी हा घटक अत्यल्प असलेला आहार देऊन एका मुलीत सुधारणा घडवून दाखविली. पुढे रॉबर्ट गथ्री यांनी टाचेच्या थेंबभर रक्तावरून नवजात बालकाची परीक्षा करण्याची युक्ती काढली. वेळीच निदान होऊन पथ्य पाळल्यास अशी मुले इतरांप्रमाणे शिकू शकतात. ज्ञानाचा याहून मोठा उपकार कोणता?

आता दोष कोणाचा, ते पाहू. या विकाराचे सदोष जनुक माता व पिता दोघांकडून यावे लागते. दोघेही स्वतः निरोगी असतात, मात्र प्रत्येक अपत्याच्या वेळी चारांत एक इतका धोका असतो. म्हणून केवळ सुनेस बोल लावणे हा अन्याय होय. मामाच्या मुलीस सून करून आणण्याची आपली रीत आहे. अशा जवळच्या नात्यात दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. याउलट, इतर कित्येक दुर्मिळ विकारांत जनुकातील बदल मुलातच नव्याने झालेला असतो, आईबापांत त्याचा मागमूसही नसतो. तेव्हा पूर्वजन्मीचे पाप किंवा कुळाचा कलंक म्हणणे व्यर्थ आहे.

सर्वच विकारांवर असा उपाय सापडलेला नाही, हे मी लपवीत नाही. तरीही निदानाचे मोल आहे. नवसांची आणि दारोदारची वणवण थांबते, पुढे काय होणार हे समजते, पुढील अपत्याविषयी सल्ला मिळतो. आज रक्त तपासून जनुके वाचता येतात. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे एक उत्कृष्टता केंद्र आहे.

मुलगी पाहावयास पाहुणे येताच असा भाऊ मागच्या खोलीत कोंडला जातो, हे मी माझ्याच नात्यात पाहिले आहे. म्हणून माझी विनंती अशी. मूल वेळेवर मान धरीत नसेल, बोलत नसेल किंवा आलेले शब्द विसरत असेल, तर "होईल हळूहळू" म्हणून स्वस्थ बसू नका, बालरोगतज्ज्ञास दाखवा. आईच्या निरीक्षणास वेडगळपणा म्हणू नका. मंडळाने शिष्यवृत्तीच्या निधीतून अशा तपासणीसाठी थोडी रक्कम राखून ठेवावी.

त्या मातेची क्षमा मागावयास मी गेलो होतो. ते बिऱ्हाड गाव सोडून गेले होते. माझी चूक सुधारण्याची वेळ टळली. आपली टळू नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.