सरासरीआड दडलेल्या शाळा



धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. राज्याची सरासरी ८२ टक्के होती. हा आकडा सर्वपरिचित आहे. परंतु जिल्ह्याची सरासरी जितकी सोयीची तितकीच फसवी. तापीखोऱ्यातील शहाद्याची शाळा आणि अक्राणीतील डोंगरपाड्यावरची शाळा एकाच तक्त्यात मांडल्या जातात, आणि उणे पडलेले गुण शिक्षकाच्या नावावर जमा होतात.

या अंतराचे मूळ पहिलीच्या वर्गातच आहे. सपाटीवरील पुष्कळ मुले अहिराणी किंवा गुजरी बोलत येतात. मराठी त्यांच्या कानांवरून बाजारात, एस.टी.त गेलेली असते. सातपुड्यातील मूल भिली अथवा पावरी बोलत येते. त्याला अक्षरे आणि ती ज्या भाषेतील आहेत ती भाषा, दोन्ही एकदमच शिकावयाची असतात. शब्द वाचता येतो, अर्थ लागत नाही. चाचणीत असे मूल मागे पडते; त्याच्याच भाषेत विचारले असते तर काय उत्तर आले असते, हे तपासण्याची सोय प्रश्नपत्रिकेत नसते.

दुसरे कारण ऊसतोडीचे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे गुजरातेत जातात आणि परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस ठरविले. अशा मुलाच्या वाट्याला त्यांपैकी जेमतेम निम्मे येतात. शिक्षण हमी पत्रक हाती दिल्याने मूल वर्गात बसत नाही. ते आजीजवळ वा हंगामी वसतिगृहात राहील काय, ही विचारणा दिवाळीपूर्वीच घरोघर व्हावयास हवी, आणि ते काम एकट्या गुरुजींचे नव्हे, ग्रामपंचायतीचेही आहे.

शिक्षकसंख्येचे म्हणाल तर, पट ६० पर्यंत असल्यास दोन शिक्षक, हा नियम कागदावर न्याय्यच आहे. पण विखुरलेल्या पाड्यावर दोघांकडे चार इयत्ता असतात; एक गुरुजी प्रशिक्षणास गेले की चारही इयत्ता एकाकडे येतात.

तेव्हा तालुक्याच्या तक्त्यात गुणांशेजारी आणखी दोन रकाने असावेत: मुलाची घरची भाषा आणि प्रत्यक्ष हजेरीचे दिवस. डोंगरातील शाळेची तुलना प्रथम तिच्याच गतवर्षाशी करावी, शहाद्याशी नंतर.